एका ताऱ्याच्या एकोणीस जणी

१

खोटं बोलणाऱ्या हातात बांगडी अडते.

तेलगावच्या चौकात छत्तीस वर्षं बांगड्या भरताना मल्लम्मानं एवढी एकच विद्या कमावली होती. तोंड काहीही सांगो, अंगठ्याखालचं मांस खरं बोलतं. मन मोकळं असलं की हात लोण्यासारखा सैल पडतो आणि काच सुळकन मनगटात उतरते. मनात काही दडवलेलं असलं की तोच हात लाकूड होतो, आणि बांगडी वाढते. फुटते म्हणायचं नसतं. खुद्द मल्लम्माच्या मनगटात मात्र बारा वर्षांपासून काच नव्हती. नवरा गेला त्या दिवशी तिनं आपल्याच हातानं सगळ्या उतरवल्या होत्या, एकही न वाढवता.

त्या सोमवारी दुकान उघडतं न उघडतं तोच समोरच्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरून रुद्राणी आली. मल्लम्माच्या थोरल्या बहिणीची लेक. आई लवकर गेल्यावर ह्याच दुकानात, बांगड्यांच्या खोक्यांवर पुस्तकं ठेवून शिकलेली. डॉक्टर झाल्यावर पुणं सोडून ह्याच चौकात परत आलेली. आठ वर्षांत पंचक्रोशीतली कितीतरी लेकरं तिच्या हातून उजेडात आली होती. तिनं मोबाइल काचेच्या कपाटावर ठेवला.

"वाच, मावशी."

मल्लम्मानं मोबाइल हातभर लांब धरला. नकाशातलं दवाखान्याचं पान. दिवाळीत तिथं पाचापैकी पाच तारे होते. पोरांनी चौकात फलक लावून, हार घालून रुद्राणीचा सत्कार केला होता. आता तिथं दोनच उरले होते. खाली एकेका ताऱ्याची रांग लागलेली आणि प्रत्येकापुढं एक ओळ.

'हात लई जड हाय.' 'काळीकुट्ट हाय.' 'बोलणं कारल्यावानी.' 'लेकराला धरायची अक्कल न्हाई.'

"किती हायत असले?"

"एकोणीस. दोन आठवड्यांत."

"कुणीतरी दुश्मनानं..."

"दुश्मन कुठला? नावं बघ, फोटो बघ. एकोणीसही माझ्या बाळंतिणी आहेत. त्या फोटोंतली मांडीवरची लेकरं मी काढलीत."

"मोबाइलचं काय धरून बसतीस, पोरी? तुझे ते पाच तारेबी खोटेच निघाले की."

"म्हणूनच तर." रुद्राणी खाली बघत म्हणाली.

तिचा कंपाउंडर अंगद बाळंतिणीला घरी सोडताना तिचाच मोबाइल मागून घ्यायचा आणि पाच तारे दाबून द्यायचा. सत्कारानंतर आठवड्यानं हे रुद्राणीला कळलं. ज्या अंगठ्यानं दाबले त्याच अंगठ्यानं घरोघर जाऊन तिनं ते त्याला पुसायला लावले, आणि त्याला कामावरून काढून टाकलं.

"ते त्यांचे नव्हते म्हणून मी पुसले," रुद्राणी म्हणाली. "हे त्यांचे आहेत. मग हे कोणत्या तोंडानं खोटे म्हणू?" सत्काराच्या तिसऱ्या दिवशी जिन्यावरून पडून मुरगळलेलं उजवं मनगट ती डाव्या हातानं चोळत होती. "मागच्या आठवड्यात सिझेरियन करताना माझा हात थरथरला, मावशी. आयुष्यात पहिल्यांदा. वाटलं, ह्या बायकांना जे दिसतंय ते मलाच दिसत नाही. शनिवारी शेवटचे पेशंट बघते. रविवारी कुलूप. पुण्याच्या दवाखान्याला हो कळवलंय."

मल्लम्मानं मोबाइल कपाटावर उपडा ठेवला. आवाज तिनं पडू दिला नाही.

"शनिवारपातुर दम धर. मला शोधू दे."

"शोधणार काय? नावं तर समोर आहेत."

नावं समोर होती, खरंच. दडलेलं होतं ते कारण. रुद्राणी पाठ वळवून गेली, आणि यादीतलं पहिलंच नाव कडेवर लेकरू घेऊन दुकानाची पायरी चढलं.

२

'हात लई जड हाय' ही ओळ राजनंदिनीची. वय पंचवीस, धारूर रस्त्यावरच्या मळ्यातली सून. आधीची दोन लेकरं पोटातच गेली होती. हे तिसरं रुद्राणीनं सात महिने जपून, तळहातावर झेलून दिलेलं. दोन महिन्यांचा तो गोळा कडेवर झोपला होता. गालावर तीट, कपाळावर तीट, तळपायालाही तीट, मनगटांत काळ्या मण्यांच्या मनगट्या.

"नाव काय ठिवलं गं?"

"कागदावर राजवीर. घरी दगड्या." राजनंदिनीनं पदरानं त्याचं तोंड झाकलं. "लई घाणेरडं ध्यान हाय, मावशी. बघू नगा."

ध्यान कसलं, चंद्राचा तुकडा होता. मल्लम्मा हसली. ज्या घरात लेकरं जगत नाहीत तिथं दगड्या, केरू, धोंडी अशीच नावं ठेवतात. त्यात नवल नव्हतं. तिनं राजनंदिनीचा हात हातात घेतला, हिरव्या बांगड्यांचा जोड काढला.

"आज हिकडं कशी?"

"डोस द्यायचा हाय लेकराला. डॉक्टरीण बाईकडं नंबर लावलाय. सातवा हाय."

मल्लम्माचा हात थबकला. "एवढ्या जड हाताच्या बाईकडं? मी वाचलंय गं, तू काय लिवलंय ते."

पुढच्याच क्षणाला तो मऊ पंजा लाकूड झाला. काच कटकन वाढली.

"जडच हाय हात," राजनंदिनी रस्त्याकडं बघत म्हणाली. डोळे मात्र भरून आले.

"तरास दिला का तिनं तुला?"

"लई."

दुसरी बांगडी वाढली. मल्लम्मानं तुकडे गोळा केले, तिसरी घेतली, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "पुढलं बाळंतपण कुठं करशील मग?"

"कुठं म्हंजी? हितंच की!"

हात लोणी झाला. बांगडी सुळकन उतरून मनगटात किणकिणली.

राजनंदिनी गेली तशी मल्लम्मा हातातल्या हिरव्या तुकड्यांकडं बघत बसली. निंदा करताना हात ताठला, परत येईन म्हणताना सैल पडला. म्हणजे ही बाई मनाविरुद्ध बोलत होती. कुणाच्या सांगण्यावरून? आणि सांगणाऱ्याचा एवढा कसला वचक, की डोळ्यांतलं पाणी परतवावं पण तोंड उघडू नये?

३

माजलगाव रस्त्यावर नवा दवाखाना उभा होता, सगळा काचेचा. मालक डॉक्टर प्रविण, हाडांचे. बाळंतपणाला बीडहून मंगळवारी आणि शुक्रवारी एक बाई यायच्या. कामावरून निघालेला अंगद तिथंच काउंटरला चिकटला होता. बुधवारी मल्लम्मा गेली तेव्हा बाकावर त्याची बायको सत्यशीला बसलेली, दिवस भरलेले, पाय सुजलेले.

"मला पकडायला आलाव का, मावशी?" अंगद कसनुसा हसला. "सगळ्या गावाला वाटतंय मीच केलं. काढून टाकलं म्हणून."

"केलं का?"

"बेलभंडार उचलतो, न्हाई. पाच तारे मी दाबलते, ते कबूल हाय. अंगठा माझा हुता, मावशी, पण बोल बायांचाच. त्या तोंडानं सांगायच्या, त्यांना दाबता येत न्हवतं." त्यानं पाण्याचा गिलास पुढं केला. मल्लम्मानं गिलासासकट त्याचा हात धरला, क्षणभर जास्तच. पुरुषाच्या हाताचं शास्त्र काही वेगळं नसतं. हात सैल होता.

"पुसायला गेलतास तवा काय झालं?"

"बाया म्हणल्या, आमालाबी दाव कुठं दाबायचं. दावलं."

"एक म्हंजी वाईट आन् पाच म्हंजी चांगलं, हे ठावं हाय त्यांना? का उलटं समजल्या?"

"पाढ्यावानी पाठ करून घेतलंय मी. एक म्हंजी सगळ्यात वाईट." अंगदनं आवाज खाली आणला. "त्या पानाला अजून माझाच नंबर जोडलाय. कुणी तारा दिला की माझ्या मोबाइलची घंटी वाजती. हरेक येळी दिवेलागणीला, मावशी. पैल्या शनवारी सात. आमुशेला पाच. गेल्या शनवारी सात. मधल्या दिशी एकबी न्हाई."

मल्लम्मानं ते मनात गाठ मारून ठेवलं.

सत्यशीला मधेच बोलली. "मावशी, ह्यांना सांगा ना. मला हितं न्हाई यायचं. लेकराचे पाय खाली हायत. डॉक्टरीण बाईनं बजावलं हुतं, कळ आली की तडक माझ्याकडं ये म्हणून."

"ती रविवारी चालली कुलूप लावून," अंगद चिडून म्हणाला. "हितं चार पूर्णांक नऊ हाय. उगं हाय का?"

"अंगद, मावशीला च्या सांग बे!" आतून डॉक्टर प्रविणची हाक आली. गोरापान, हसरा माणूस. रुद्राणी गेली तर गावात एकटा हाच उरणार होता. मल्लम्मा समोर बसली आणि आडपडदा न ठेवता म्हणाली, "तुमीच लिवून घेतलं असं म्हणत्यात."

तो रागावला नाही. "मावशी, मला वाईट लिवून घ्यायचं असतं तर असं लिवलं असतं की तासन् तास बसवून ठेवतात, फुकटच्या तपासण्या सांगतात. लोकाला पटंल असं काहीतरी. 'काळीकुट्ट हाय' असं कुणी लिवतं का? ती तर तुमच्या काचेपेक्षा गोरी हाय."

बोलण्यात तथ्य होतं. मल्लम्मानं भिंतीवरच्या मोठ्या पाटीकडं मान वळवली. तिथं तारे झळकत होते आणि खाली पेशंटांचे शब्द तारखांसकट छापले होते.

"डॉक्टरसाहेब, तुमचं उद्घाटन दसऱ्याला झालं. हितं एकाचा गुडघा गणपतीतच बरा झालेला दिसतोय."

प्रविणच्या हातातला कप बशीवर टेकला. "ते पुण्याची एक कंपनी... गठ्ठ्यानं देती, मावशी. सगळेच घेत्यात."

"घेवा. पर बाहेर बसलेल्या पोरीचं लेकरू पायाळू हाय. शनवारी कळ आली तर तुमचे हे तारे सोडवणार हायत का तिला?"

प्रविणनं मान रस्त्याकडं वळवली. काचेबाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग कारखान्याकडं सरकत होती.

४

दुश्मन संपले होते. उरली एकच, सावित्रीबाई. पंचाहत्तरीची सुईण. दवाखाना व्हायच्या आधी गावातल्या सगळ्या नाळा तिच्या हातून कापल्या गेलेल्या. त्या एकोणीस घरांत आजही तिचा शब्द चालायचा. शुक्रवारी दुपारी मल्लम्मा गेली तेव्हा म्हातारी अंगणात काजळ धरत होती. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट उपडं घातलेलं, कडेला आधीच भरून ठेवलेली एक डबी.

"एवढं काजळ कुणाला, सावित्रीबाई?"

"गावात लेकरं काय कमी हायत?" म्हातारीनं मान वर केली नाही. "डॉक्टरणीचं इचारायला आलीस न्हवं? मला काय इचारतीस? ती कालची पोर. पाच तारे म्हणं! चांदणी हाय का ती? फलक काय, हार काय, फोटू काय. एवढं उघड्यावर कुणी ठिवतं का? पडली न्हवं तिसऱ्या दिशी?"

मल्लम्माच्या अंगाचा तिळपापड झाला. "ती पडली त्याचा आनंद झाला म्हणा की. तुमच्या हातचं काम गेलं म्हणून..."

"माझ्या हातचं?" सावित्रीबाईनं काजळानं माखलेली दहाही बोटं वर धरली. "ह्या हातांतून नऊ लेकरं मातीत गेली, मल्लम्मा. एकेकाची आई मला अजून वाटंत भेटती. तिच्या हातून एकबी न्हाई गेलं. एकबी न्हाई!"

 म्हातारी ताटावरची काजळी बोटानं खरवडू लागली आणि नकळत तिच्या ओठांवर जात्यावरची जुनी ओवी आली.

"गोऱ्या ग गालावर..."

आणि तिनं पुढची ओळ गिळली. कुणीतरी दार लावून घ्यावं तशी.

"ऊठ आता. मला न्हाई सांगायचं काही."

"मलाच कावून न्हाई?"

"तुलाच न्हाई असं न्हाई. कुणालाच न्हाई."

वाटेनं येताना मल्लम्माला राहून राहून ती वर धरलेली काळी बोटं आठवत होती. दुकानात येऊन तिनं एकोणीस नावं बांगड्यांच्या खोक्यावर लिहून काढली. नावांवरून काही उमगेना, तेव्हा तिनं हात आठवायला घेतले. हा भाजल्याचा डाग असलेला. ही निमुळती बोटं. हा विंचवाच्या नांगीगत वाकडा अंगठा. आणि एकदम तिला आठवलं की हे सगळे हात तिनं एकाच दुपारी बघितले होते, पहिल्या शनिवारच्या आदल्या दिवशी. त्या शुक्रवारी ह्या बायका एकामागून एक येऊन काळ्या मण्यांच्या मनगट्या घेऊन गेल्या होत्या. राजनंदिनीच्या लेकाच्या बारशाला.

एकोणीस जणी एका छपराखाली बसल्या होत्या. सावित्रीबाईही असणार. त्यांनी बाळाला नाव दिलं, घुगऱ्या खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पहिले सात तारे पडले.

मल्लम्माला त्या बारशाचं बोलावणं नव्हतं. कधीच नसतं. बारशाच्या मनगट्या तिच्या दुकानातून जातात, पण पाळण्याची दोरी मोकळ्या मनगटाच्या हातात कुणी देत नाही. ते दुखणं जुनं होतं. आज पहिल्यांदा ते तिच्या वाटेत आडवं आलं. जे त्या खोलीत बोललं गेलं, ते तिला कोण सांगणार?

उद्या शनिवार होता.

५

शनिवारी सहाच्या सुमाराला रुद्राणी खोक्यात पुस्तकं भरत होती. मल्लम्मा दारात उभी होती, हात रिकामे, डोक्यात तुकडेच तुकडे. तेवढ्यात रिक्षा करकचून थांबली. अंगदनं सत्यशीलाला अर्धी उचलून, अर्धी ओढत पायऱ्यांवर आणलं. पाणी गेलं होतं. साडी भिजली होती.

"तिथं कुणी न्हाई!" तो ओरडला. "प्रविणसाहेब म्हणले बीडला न्या. रस्त्यावर ट्रॉली उलटलीय, सगळा ऊस आडवा. दोन तास हालत न्हाई म्हणत्यात. बाई, पाय दिसायलाय लेकराचा!"

रुद्राणीनं सत्यशीलाला दारालगतच्या खाटेवर घेऊन तपासलं, डाव्या कुशीवर वळवलं, कमरेखाली उश्या दिल्या. सगळं भरभर, न चुकता. पण उठून उभी राहिली तेव्हा तिचा उजवा हात थरथरत होता. तिनं तो डाव्या हातानं धरून ठेवला.

"ऑपरेशन लागेल. अर्ध्या तासात," ती म्हणाली. "अंगद, बघ, ट्रॉलीच्या पलीकडून गाडी बोलाव. इथं नको. माझ्याकडून नको. एकोणीस जणी सांगतायत ना!"

आरडाओरडा ऐकून पायऱ्यांवर बायका जमल्या होत्या. मल्लम्मानं बघितलं, यादीतल्याच बऱ्याच होत्या. राजनंदिनी लेकराला घेऊन पुढं उभी. मागं काठी टेकत सावित्रीबाई. काहींच्या मुठीत मोबाइल होते. दिवेलागण होत आली होती.

"बोला की गं!" मल्लम्मा त्यांच्यावर ओरडली. "काय चुकलं हिचं? एक जण तरी सांगा! त्या पोरीचं लेकरू मरायलंय!"

बायकांनी पदर तोंडाला लावले. राजनंदिनी ओठ दाबून रडत होती. गलक्यानं तिचं लेकरू दचकलं, किंचाळलं. आणि सावित्रीबाईनं न बघता, सवयीनं, स्वतःच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि त्या लेकराच्या कानामागं टेकवलं.

मल्लम्माच्या आत गिळलेली ओवी पुरी झाली.

गोऱ्या ग गालावर, काळ्या बोटाची निशाणी,
आलेली नजर, परत गेली अनवाणी.

ती वळली आणि रुद्राणीचे दोन्ही खांदे धरले.

"पोरी, माझं ऐक. दुखावलेला माणूस एका ओळीत थांबत न्हाई. कवा, कुठं, कोण काय बोललं, सगळं पाल्हाळ लावतो. ह्या एकोणिसांत एकीनंबी काय घडलं ते लिवलं न्हाई. कावून? तर काही घडलंच न्हाई. आन् लिवलं काय? तू गोरी, तर काळीकुट्ट. तुझा हात फुलावानी, तर जड. तू गोड बोलतीस, तर कारलं. जिथं उजेड जास्त, बरोबर तिथंच बोट टेकवलंय. दिवस कोणते? शनवार, आमुशा, शनवार. येळ दिवेलागणीची. लेकराची दिष्ट कवा काढत्यात गं?"

रुद्राणीची नजर राजनंदिनीच्या लेकराच्या गालावरच्या तिटेवर गेली.

"पोरांनी तुला पाच तारे म्हणून चौकात टांगलं, हार घातले. तिसऱ्या दिशी तू पडलीस, हाच हात मुरगळला. बाया भ्याल्या. बारशाला जमल्या, आन् ज्यांनी आपल्या चंद्रावानी लेकराला दगड्या म्हणून जपलं, त्यांनी तुलाबी तसंच जपायचं ठरवलं. हे वाईट तारे न्हाईत, पोरी. ह्या एकोणीस तिटा हायत. तुला लावलेल्या."

पायऱ्यांवरच्या बायकांनी माना खाली घातल्या.

"मग त्यांनी मला सांगितलं का नाही?" रुद्राणीचा आवाज फाटला.

"तीट लावली हे सांगायचं नसतं. सांगितलं की उतरती. म्हणून त्यांची तोंडं शिवलेली. मला त्या बारशाला कुणी बोलावलं न्हवतं, म्हणून मला बोलता येतं." मल्लम्मानं तिचे खांदे सोडले. "दिष्ट खरी का खोटी, मला ठावं न्हाई. तुझ्या पुस्तकात ती नसंल. पर जिचा हात जड वाटतो, तिच्या दारात डोस द्यायला सातवा नंबर लावून कुणी बसत न्हाई. हे बघ."

रुद्राणी पायऱ्यांकडं वळली. थरथरता उजवा हात तिनं राजनंदिनीपुढं धरला.

"खरं सांग. माझा हात जड आहे?"

राजनंदिनीनं सावित्रीबाईकडं बघितलं. म्हातारीनं नजर जमिनीवर रोवली. मग त्या पोरीनं डोळे पुसले, दारातून आत येऊन सत्यशीलाचा घामानं भिजलेला हात उचलला, आणि तो रुद्राणीच्या हातात ठेवून वर आपलं मस्तक टेकवलं.

"लई जड हाय, बाई," ती हुंदका देत म्हणाली. "लई म्हंजी लईच जड हाय."

रुद्राणी हसली की रडली ते कुणाला कळलं नाही. हात मात्र थांबला. निवांत झाला.

"अंगद," ती म्हणाली, आणि तो आवाज आठ वर्षांपासून सगळ्यांच्या ओळखीचा होता. "भूल देणाऱ्या डॉक्टरांना फोन लाव. ट्रॉली बीडच्या रस्त्यावर उलटलीय, माजलगावचा मोकळा आहे. प्रविणला सांग, तू पण ये, हात धुऊन उभा राहा. आणि ती खोकी बाजूला घ्या, वाटेत येतायत."

दार लागलं. वरचा लाल दिवा लागला. बायका पायऱ्यांवर बसून राहिल्या. कुणी मोबाइल उघडला नाही. सावित्रीबाई मल्लम्माच्या शेजारी येऊन टेकली आणि तिनं काजळाचं बोट मल्लम्माच्या मोकळ्या मनगटावर हळूच ओढलं.

"तुझी दिष्ट कुणी काढली नसंल कवा," ती म्हणाली.

सात वाजायला पाच कमी असताना आतून लेकरू रडलं. असं खणखणीत, की कपाटातल्या बांगड्यांनीही ऐकलं असावं.

६

रविवारी दवाखान्याला कुलूप लागलं नाही. अंगद परत कामावर आला. बायकांच्या मोबाइलला हात लावायचा नाही, ह्या अटीवर. सत्यशीलाच्या लेकीचं बारसं झालं. कागदावर काहीतरी लांबलचक, घरी धोंडाबाई. पहिलं बोलावणं मल्लम्माला आलं, आणि पाळण्याची दोरी तिच्या हातात देताना सावित्रीबाईनं सगळ्यांकडं असं बघितलं की कुणाची कुजबुजायची हिंमत झाली नाही.

पानावरचे तारे दोनच राहिले. रुद्राणीनं ते पुसायला सांगितले नाहीत. अंगद मात्र धास्तावला होता. "गावाला ठावं हाय, मावशी. परक्या माणसाला कसं कळायचं?"

पौषातल्या एका सकाळी मोटरसायकलवरून एक जोडपं चौकात उतरलं. माणूस चौसाळ्याचा, बायकोचं माहेर इकडचं. पाचवा महिना असेल. दवाखान्याची पाटी आणि मोबाइल यांच्याकडं आळीपाळीनं बघत तो बांगड्यांच्या दुकानाशी आला.

"मावशी, ह्या डॉक्टरीण बाई कशा हायत हो? ह्याच्यात तर लई वाईट लिवलंय."

मल्लम्मानं उत्तर देण्याआधी त्याच्या बायकोला आत घेतलं, हात हातात धरला, हिरव्या बांगड्यांचा जोड काढला. तिला खरं सांगता येत नव्हतं. आता तीही त्या बारशातली झाली होती.

"वाईटच हाय," ती बांगडी चढवत म्हणाली. "हात तर दगडावानी जड."

बांगडी अर्ध्यात अडकली. पोरीनं चमकून वर बघितलं. तिचा स्वतःचा हात सैलच होता. ताठला होता तो तिला धरणारा हात. अंगठ्याखालचं म्हातारं मांस लाकडासारखं घट्ट झालं होतं. तिनं मल्लम्माच्या डोळ्यांत बघितलं, समोरच्या पायऱ्यांवर दगड्याला खेळवत बसलेल्या राजनंदिनीकडं बघितलं, आणि हळूच हसली.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "मोबाइल ठिवा खिशात. नंबर लावा."